सगळं डोळ्यांसमोरच असतं : कोझी मिस्ट्री कशी रचली जाते

अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, 1920 साली आली. गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळातली. पहिल्याच प्रकरणात घरची श्रीमंत मालकीण नव्या पाहुण्याला थोड्या अभिमानानं सांगते की युद्धाचे दिवस आहेत, आमच्याकडे काहीही वाया जात नाही. रद्दीचा कपटासुद्धा साठवून पोत्यांतून पाठवतो. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. काटकसरी, जराशी मिरवणारी बाई, एवढंच मनात राहतं. पुढे त्याच बाईचा खून होतो. मग ख्रिस्तीचा गुप्तहेर हर्क्यूल प्वारो याच्या ध्यानात येतं की त्या दिवशी सावलीत 80 अंश फॅरनहाइट तापमान होतं, म्हणजे इंग्लंडच्या मानानं चांगलाच उकाडा, आणि तरी बाईनं आपल्या खोलीत शेकोटी पेटवायला सांगितली होती. कशासाठी? ज्या घरात कागदाचा तुकडाही टाकून देत नाहीत, तिथे एखादा महत्त्वाचा कागद नाहीसा करायचा तर तो जाळण्यावाचून दुसरा मार्ग काय?

खुनी कोण हे यातून कळत नाही, तेव्हा पुस्तक अजून वाचलं नसेल त्यांचं काही बिघडलेलं नाही. पण कोझी मिस्ट्री, म्हणजे घरगुती, उबदार वातावरणातल्या रहस्यकथा, या जातीच्या कादंबऱ्या कशा चालतात ते इथे स्वच्छ दिसतं. मालकिणीचं ते वाक्य आलं तेव्हा ते तिचा स्वभाव दाखवण्यासाठी आहे असं आपल्याला वाटलं, आणि ते त्यासाठी होतंही. सुगावाही त्याच वाक्यात होता. कोझी मिस्ट्रीतला चहा, केक, विणकाम, बागेतली गुलाबाची झाडं, चर्चची जत्रा हे सगळं वाचकाला निवांत करतं. लेखिकेला मात्र त्या गोष्टी लपवायची जागा म्हणून हव्या असतात. आपण सैलावून वाचतो, म्हणूनच फसतो. या कादंबऱ्यांचा उबदारपणा आणि त्यांतली बुद्धीची झटापट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं पुष्कळजण धरून चालतात. मला त्या एकच वाटतात.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या मराठी वाचकाला रहस्यकथा म्हटली की वेग, वेशांतर, पाठलाग आणि अंधाऱ्या बंगल्यातली झटापट आठवते. कोझी मिस्ट्रीत यातलं जवळजवळ काही नसतं. लहान गाव असतं, नाहीतर मोजकी माणसं एकत्र आलेली एखादी जागा. खून बहुधा आपल्या नजरेआड होतो. रक्ताचं वर्णन नाही, छळ नाही, शरीरसंबंध असलेच तर बंद दारामागे. तपास करणारी व्यक्ती पोलीस नसते. निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, बेकरी चालवणारी बाई, पाद्र्याची बायको, असं कोणीतरी असतं. खुनी बाहेरून आलेला दरोडेखोर कधीच नसतो, तो त्याच ओळखीच्या घोळक्यातला असतो. आणि शेवटी तो सापडतो.

या साच्याला आकार आला तो दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लंडमध्ये. त्या काळात रहस्यकथा वाचणं हा लेखक आणि वाचक यांच्यातला सामना मानला जाई, आणि सामना म्हटला की नियम आले. रोनाल्ड नॉक्स नावाच्या कॅथलिक धर्मगुरूनं 1929 साली असे दहा नियम लिहून काढले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे. दैवी किंवा अमानवी शक्तीनं रहस्य सुटता कामा नये. जगाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही. जुळा भाऊ ऐनवेळी पुढे आणायचा नाही. आणायचाच असेल तर वाचकाला आधी कल्पना आलेली हवी. पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, लंडनच्या रहस्यकथालेखकांनी ‘डिटेक्शन क्लब’ काढला. जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स सुरुवातीच्या सभासदांत होत्या. सभासद होताना शपथ घ्यावी लागे: माझे गुप्तहेर दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा हातचलाखी यांच्या आधारानं नव्हे, तर स्वतःच्या बुद्धीनं शोध लावतील, आणि महत्त्वाचा सुगावा मी वाचकापासून दडवून ठेवणार नाही.

शपथेचा सोहळा गमतीचा होता, त्यामागचं तत्त्व पक्कं होतं. वाचकाला सगळं दाखवायचं आणि तरी त्याला दिसू द्यायचं नाही. हे फार अवघड काम आहे. पुरावा दडवून ठेवणं कोणालाही जमेल. शेवटच्या प्रकरणात अचानक एक मृत्युपत्र काढलं की झालं. तसं केलं की वाचक पुस्तक भिरकावून देतो, आणि ते बरोबरच आहे. समोर ठेवूनही न दिसण्यासाठी माणसाचं लक्ष कुठे जातं आणि कुठून निसटतं याची बारीक जाण लागते.

ती जाण कशी वापरली जाते ते एका कल्पित उदाहरणावर बघू. समजा, इंग्लंडमधलं एक खेडं, जानेवारी महिना, पंधरा दिवस जमीन गोठलेली. पोस्टमास्तरीणबाई एका शेजारणीकडे आल्यात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुरंब्याच्या तीन बरण्या आहेत, निळ्या लोकरीचा गुंडा आहे, चर्चच्या लिलावासाठी काढलेली जुनी किटली आहे, ओलसर मातीचे बागकामाचे हातमोजे आहेत, न फोडलेलं एक पत्र आहे. तेवढ्यात कुत्रा उडी मारतो, एक बरणी फुटते, शेजारीण पत्र झटकन उचलून ॲप्रनच्या खिशात घालते आणि लाल होते.

तुम्हाला काय आठवतं? पत्र. पत्र कोणाचं, तिनं ते का लपवलं, चेहरा का लाल झाला. पुढची शंभर पानं लेखिका ते पत्र खेळवत राहील आणि शेवटी ते निघेल एखाद्या जुन्या प्रियकराचं, नाहीतर सावकाराचं. ते पत्र म्हणजे चकवा. खरा सुगावा हातमोजे. जमीन दगडासारखी गोठलेली असताना बागकाम कोण करतं? मऊ माती कुठून आली? काचघरातून. काचघराची किल्ली कोणाकडे असते? अशा वाटेनं ख्रिस्तीच्या कथांतल्या म्हाताऱ्या मिस मार्पलसारखी बाई खुन्यापर्यंत पोचेल.

इथे लपवण्याच्या तीन जुन्या रीती एकदम वापरल्या आहेत. पहिली, यादीच्या मध्ये ठेवणं. यादीचा आरंभ आणि शेवट लक्षात राहतो, मधलं घसरून जातं. त्यातून सगळ्या वस्तू सारख्याच घरगुती असल्या की वाचक त्यांना नेपथ्य समजतो. दुसरी, सुगाव्याच्या लगेच पाठीमागे गडबड उडवून देणं, म्हणजे मनाला त्यावर थांबायला वेळच मिळत नाही. तिसरी, खऱ्यापेक्षा जास्त संशयास्पद दिसणारं काहीतरी शेजारीच ठेवणं. चौथी रीत या उदाहरणात नाही, आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते: सुगावा दोन भागांत तोडून एक भाग तिसाव्या पानावर आणि दुसरा एकशेनव्वदाव्या पानावर ठेवणं. जमीन गोठल्याचं पहिल्या प्रकरणात कोणीतरी हवापाण्याच्या गप्पांत बोलून जातं, हातमोजे पुष्कळ नंतर येतात. दोन्ही तुकडे निरुपद्रवी असतात. स्टाइल्समध्ये नेमकं हेच आहे, रद्दी एकीकडे आणि शेकोटी दुसरीकडे.

पाचवी रीत म्हणजे, ज्याचं बोलणं कोणी मनावर घेत नाही अशा माणसाच्या तोंडी खरी गोष्ट घालणं. बडबडी मावशी, कामावरची पोरगी, वय झालेला कर्नल. यांचं बोलणं इतर पात्रं जशी कानाआड करतात तसंच आपणही करतो. हे वाचताना मला दर वेळी थोडं टोचतं. समाजात ज्यांच्याकडे दुर्लक्ष करायची आपल्याला सवय आहे, त्याच सवयीचा लेखिकेनं उपयोग करून घेतलेला असतो.

आणि याच सवयीतून मिस मार्पल जन्मली. 1927 साली एका मासिकात तिची पहिली कथा आली. मंगळवारी संध्याकाळी तिच्याच घरी काही मंडळी जमली आहेत: लेखक असलेला तिचा भाचा, एक चित्रकार तरुणी, एक पाद्री, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचे माजी प्रमुख. न सुटलेली रहस्यं एकमेकांना सांगायची असं ठरतं. चित्रकार मुलगी माणसं मोजते. पाच भरतात. कोपऱ्यात विणत बसलेल्या म्हाताऱ्या यजमानीणबाईला मोजायचं राहूनच जातं आणि ती हसून आठवण करून देते, मी पण आहे ना. पुढे दर वेळी उत्तर तीच सांगते. मधल्या कोणत्याच वस्तूकडे यादीत आपलं लक्ष जात नाही, आणि खोलीतल्या म्हातारीकडेही जात नाही. लपलेला सुगावा आणि लपलेली गुप्तहेर यांची घडण एकच आहे.

तिची पद्धतही बघण्यासारखी आहे. ती बोटांचे ठसे घेत नाही, बुटांची माती तपासत नाही. सेंट मेरी मीड या आपल्या खेड्यात ती आयुष्यभर माणसं निरखत आली आहे. कोणी नवा माणूस दिसला की तिला गावातलं कोणीतरी आठवतं: गोड बोलून सगळ्यांना गुंडाळणारा दुकानातला पोऱ्या, किंवा साधी दिसून बरोबर आपला फायदा साधणारी मोलकरीण. पोलिसांना हा नुसता गावगप्पांचा नाद वाटतो. तिच्या दृष्टीनं तो पुराव्याचा साठा आहे. माणसं लंडनमध्ये असोत की खेड्यात, लोभ, भीती आणि अहंकार यांचे प्रकार मोजकेच असतात, एवढी तिची खात्री असते. ती कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही, हेही सांगायला हवं. लोकरीच्या मागची ही बाई आतून कठोर आहे, म्हणूनच ती गोड-गोड होत नाही.

विषाचं काय? कोझी मिस्ट्रीत विष इतकं का येतं, याचं एक कारण ख्रिस्तीच्या आयुष्यात आहे. पहिल्या महायुद्धात तिनं टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि मग औषधं बनवून देणाऱ्या विभागात काम केलं, त्यासाठीची परीक्षाही दिली. कोणतं औषध किती मात्रेत विष होतं ते तिला हातानं ठाऊक होतं. पण त्यापेक्षा मोठं कारण या साच्यातच आहे. विषाला ताकद लागत नाही, त्यामुळे सत्तर वर्षांची बाई आणि तिशीतला सैनिक दोघंही सारखेच संशयित ठरतात. विष देणाऱ्याला मृत्यूच्या वेळी तिथे असावंही लागत नाही. आणि ते पोटात जातं कशातून? कपातून, जॅममधून, झोपेच्या औषधातून. म्हणजे कपबशी कोणी मांडली, साखर कोण घेत नाही, ट्रे कोणी उचलला, असले घरातले सगळे क्षुल्लक प्रश्न एकाएकी जीवनमरणाचे होतात.

हे फक्त कादंबरीतच घडतं असं नाही. वेल्सच्या सीमेवर ‘हे’ (Hay) नावाचं गाव आहे, आज जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी जगभर प्रसिद्ध असलेलं. 1921 मध्ये तिथे हर्बर्ट आर्मस्ट्राँग नावाचा वकील राहायचा. त्यानं ऑस्वाल्ड मार्टिन या प्रतिस्पर्धी वकिलाला घरी चहाला बोलावलं आणि एक स्कोन (चहाबरोबर खायचा छोटा गोडसर पाव) स्वतःच्या हातानं त्याच्यापुढे केला. मार्टिन घरी जाऊन आजारी पडला. मार्टिनचा सासरा गावातला औषधविक्रेता होता आणि आर्मस्ट्राँगला आर्सेनिक त्यानंच विकलेलं होतं. इंग्लंडमध्ये 1851 च्या कायद्यापासून आर्सेनिक विकताना घेणाऱ्याची नोंद करावी लागे. सासऱ्याला संशय आला, लघवीचा नमुना तपासायला गेला, त्यात आर्सेनिक निघालं. मग आर्मस्ट्राँगच्या काही महिन्यांपूर्वी वारलेल्या बायकोचा मृतदेह उकरून तपासला गेला आणि त्यातही ते सापडलं. आपण ते बागेतल्या डँडेलियनच्या तणावर घालायला आणलं होतं, असा त्याचा बचाव होता. 1922 मध्ये त्याला फाशी झाली. चहा, स्कोन, बागेतलं तण आणि दुकानातली नोंदवही, एवढ्यावर ही सगळी केस उभी राहिली. कोझी मिस्ट्री लिहिणाऱ्यांनी लहान गाव का निवडलं ते इथे कळतं. तिथे कोणी काय विकत घेतलं ते कोणाच्या तरी लक्षात असतं.

या प्रकारावर टीकाही जोरात झाली. अमेरिकन रहस्यकथालेखक रेमंड चँडलरनं 1944 साली लिहिलेल्या निबंधात हे खून कृत्रिम आहेत, खरी माणसं खऱ्या कारणांसाठी असे खून करत नाहीत, असं म्हटलं. पुढच्या वर्षी समीक्षक एडमंड विल्सननं तर खुनी कोण याची पर्वा कोणाला, असाच सवाल केला. चँडलरचा एक मुद्दा मला मान्य आहे. सुमार कोझी मिस्ट्रीत मेलेल्या माणसासाठी कोणी रडत नाही. तो खडूस सावकार असतो किंवा सगळ्यांना छळणारी श्रीमंत आत्या असते, तिसऱ्या पानावर मरतो आणि मग फक्त कोडं उरतं. तिथे मलाही पुस्तक मिटवावंसं वाटतं. पण कवी डब्ल्यू. एच. ऑडेननं 1948 मध्ये दिलेलं उत्तर मला जास्त पटतं. तो म्हणतो, रहस्यकथेतली जागा जितकी निर्मळ आणि शांत, तितकं तिथलं प्रेत विसंगत, आणि म्हणून तितकं हादरवणारं. शहराच्या अंधाऱ्या गल्लीत खून झाला तर जग जसं होतं तसंच राहतं. पाद्र्याच्या अभ्यासिकेत झाला की त्या गावातल्या प्रत्येकाला प्रत्येकाकडे नव्यानं बघावं लागतं. रोज दूध घेऊन येणारा, शेजारी बसून भजनं म्हणणारी, सगळेच. खुनी सापडतो तेव्हा एक माणूस पकडला जातो आणि बाकीचे दहा संशयातून सुटतात. शेवटी वाचकाला जे हायसं वाटतं ते मुख्यतः या दहांमुळे.

ख्रिस्तीची 1950 सालची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या दृष्टीनं मला तिच्या कितीतरी नावाजलेल्या पुस्तकांपेक्षा मोठी वाटते. चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या खेड्यातल्या स्थानिक वर्तमानपत्रात छोटी जाहिरात येते: शुक्रवार, 29 ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहा, लिटल पॅडॉक्स या घरी खून होईल, मित्रमंडळींनी यावं. मंडळी येतात. पण या खेड्यात काहीतरी बदललं आहे. दुसरं महायुद्ध होऊन गेलं आहे, साखर आणि कोळसा रेशनवर आहे, घरकामाला माणसं मिळत नाहीत, आणि शेजारी बहुतेक नवे आहेत. हिंदुस्थानातून परतलेले, कुठून कुठून आलेले. पूर्वी कोणी गावात राहायला आलं की कोणाची तरी ओळख करून देणारी पत्रं घेऊन येई. आता लोक सांगतात तेच खरं धरायचं. मिस मार्पल हे बोलून दाखवते. म्हणजे जिच्या सगळ्या विद्येचा पाया ‘इथे सगळे सगळ्यांना ओळखतात’ हा, तिच्यासमोर अशी जागा आहे जिथे कोणीच कोणाला ओळखत नाही. कोझी मिस्ट्रीतलं गाव हे स्वप्न आहे असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. त्यात नंतर येणाऱ्या एका मृत्यूचं दुःखही खरं आहे, कोड्याच्या सोयीसाठी आणलेलं नाही. आणि मिस मार्पल जाताना एक चिठ्ठी ठेवून जाते, तिच्यावर दिवा, व्हायोलेटची फुलं, ॲस्पिरिनची बाटली असले शब्द आहेत. सगळं घरातलं.

पुढच्या काळात हा प्रकार पसरला. अमेरिकेत मांजरं, विणकाम, बेकरी, पुस्तकांचं दुकान अशा एकेका आवडीभोवती मालिका निघाल्या; काहींत मागे पाककृतीही असतात. तिथे 1989 पासून या प्रकारासाठी ‘अगाथा’ नावाचं पारितोषिक दिलं जातं, त्याची प्रतिमा चहाच्या किटलीची आहे. यातल्या पुष्कळ मालिकांत केक राहिला आणि केकमध्ये काही लपवायचं राहून गेलं, हे मात्र म्हणायला हवं. रिचर्ड ऑस्मनची 2020 मधली ‘द थर्सडे मर्डर क्लब’ मला याला सन्माननीय अपवाद वाटते. केंट परगण्यातल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चार ज्येष्ठ नागरिक दर गुरुवारी जुन्या केसेस चाळत बसतात, आणि म्हातारपण, स्मृतिभ्रंश, जोडीदाराचं जाणं हे सगळं त्या गप्पांमध्ये येतं. त्यांना कोणी मोजत नाही, याचा ते पुरेपूर फायदा घेतात.

मुंबईचा संबंध सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (2018) मध्ये येतो. तिला शुद्ध कोझी म्हणता येणार नाही, तिच्यात दुःख बरंच गडद आहे, पण पाया तोच. 1921 ची मुंबई, परवीन मिस्त्री ही तरुण पारशी वकील, आणि पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. पोलीस पुरुष, वडील पुरुष, कोणालाच त्या जनान्यात पाऊल टाकता येत नाही. परवीन बाई आहे, म्हणून न्यायालयात तिला उभं राहू देत नाहीत, आणि बाई आहे म्हणूनच ती त्या दाराआड जाऊ शकते. या पात्रामागे नाशिकला 1866 साली जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. पडद्यातल्या स्त्रियांचे मालमत्तेचे हक्क सांभाळण्यात सोराबजींनी हयातीचा मोठा भाग घालवला.

ज्यांनी या कादंबऱ्या अजून वाचल्या नाहीत त्यांनी सुरुवात ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ पासून करावी असं मी सुचवेन. इंग्रजी सोपं आहे, आणि ख्रिस्तीची बरीच पुस्तकं मराठी अनुवादातही मिळतात. पहिल्यांदा वाचताना फार डोकं लावू नका, चहा पीत वाचा, फसा. मग महिन्याभरानं तेच पुस्तक पुन्हा घ्या. दुसऱ्या वाचनात खुनी ठाऊक असतो, त्यामुळे आपण लेखिकेच्या बाजूला बसतो आणि कुठलं वाक्य कुठे पेरलंय ते एकेक दिसायला लागतं. माझ्या मते या प्रकाराचा सर्वांत मोठा आनंद या दुसऱ्या वाचनात आहे, आणि चांगल्या-वाईट पुस्तकाची पारखही तिथेच होते. वाईट पुस्तकात दुसऱ्यांदा बघण्यासारखं काही उरत नाही. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मधली एक जागा सांगून ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी शेजारी एकेक करून दिवाणखान्यात येतात आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणतात, आज घराचं हीटिंग चालू केलेलं दिसतंय. तिथे थोडं थांबा.